रेडिएटर फॅन फिरत नाही? मोटर बदलण्याआधी करंट कुठे अडतोय ते शोधा (जुन्या गाड्यांसाठी)

नटबोल्ट

८००, झेन, पहिली सँट्रो, जुनी वॅगन आर. उन्हाळा लागला की या गाड्यांचे प्रश्न सुरू होतात आणि प्रश्न एकच असतो: सिग्नलला तापमानाचा काटा वर जातो, फॅन फिरत नाही, काय बदलू? उत्तरंही ठरलेली. कुणी मोटर बदलायला सांगतं, कुणी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढायला, आणि सगळ्यांत लाडकं उत्तर म्हणजे "डायरेक्ट करून टाका", म्हणजे किल्ली लावली की फॅन कायम चालू. तिन्हींत निदान नाही. बॅटरीपासून मोटरपर्यंत आणि मोटरपासून बॉडीपर्यंत करंट नेमका कुठे अडतोय हे शोधायला एक टेस्ट लॅम्प, एक मल्टिमीटर आणि तासभर वेळ पुरतो.

आधी दोष फॅनचाच आहे का ते बघा. गाडी उभी असताना तापते आणि ५०-६० च्या वेगाला काटा खाली येतो, तर उभं असताना रेडिएटरमधून हवा जात नाहीये. मग फॅनकडे वळा. उलट गावात ठीक आणि हायवेला तापते, तर फॅनला दोष देऊ नका. त्या वेगाला समोरच्या वाऱ्यावरच काम भागतं. तिथे चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा हेड गास्केट बघायचं.

दुसरं, कूलंट. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप उघडा, बाजूच्या बाटलीतली पातळी बघून समाधान मानू नका. पाणी कमी असेल तर टेंपरेचर स्विच किंवा सेन्सर वाफेत उघडा राहतो. वाफ त्याला पाण्याइतकी उष्णता देत नाही, त्यामुळे इंजिन उकळत असतं आणि फॅन गप्प. वर चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका, सेन्सरजवळ पाणी उरलेलं नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता सर्किट. जुन्या गाड्यांत तीन प्रकार भेटतात:

१. थर्मो स्विच (ठरलेल्या तापमानाला लागणारा स्विच) मोटरचा करंट स्वतःच वाहून नेतो, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. स्विचच्या वायरी जाड असतात.
२. थर्मो स्विच फक्त रिलेच्या कॉइलला अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) देतो. वायर बारीक, बऱ्याचदा एकच, कारण अर्थिंग स्विचच्या बॉडीतून, इंजिनच्या धातूमार्फत मिळतं.
३. एमपीएफआय गाड्या (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणाऱ्या). स्विच नाही. सेन्सर तापमान ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) कळवतो आणि ईसीएम रिले ओढतो.

प्रकार ओळखला की पहिली टेस्ट पाच मिनिटांची. इग्निशन ऑन, एसी बंद. प्रकार १ मध्ये स्विचचं कपलर काढून त्याच्या दोन पिना एका वायरीने जोडा. प्रकार २ मध्ये ती एकटी वायर काढून इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, रिले, वायरिंग सगळं शाबूत. संशय स्विचवर किंवा पाण्याच्या पातळीवर. नाही फिरला तर स्विच बदलून उपयोग नाही, दोष पुढे आहे.

प्रकार ३ मध्ये उलट करायचं. इंजिन चालू ठेवून ईसीएमच्या टेंपरेचर सेन्सरचं कपलर काढा. सेन्सर गायब झाला की बहुतेक ईसीएम सुरक्षेसाठी फॅन चालू करतात. चेक इंजिनचा दिवा लागेल, कोड साठेल, घाबरू नका, नंतर पुसता येतो. मात्र इथे दोन पिना एकमेकींना जोडून उपयोग नाही. तसं केलं की ईसीएमला वेगळाच बिघाड दिसतो.

सावधगिरी एवढीच: काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही फॅन सुरू होतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

घाटवळण

उपयुक्त धागा. माझी एमपीएफआय ८०० आहे. एसी लावला की फॅन फिरतो, एसी बंद असताना काटा पाऊण भागावर गेला तरी फिरत नाही. म्हणजे मोटर आणि रिले ठीक आहेत, फक्त सेन्सर गेला, असं समजू का?

तांब्याची_तार

नका समजू. बोनेट उघडून आधी बघा की फिरतोय तो फॅन कुठला. एसीवाल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन फॅन असतात, एक रेडिएटरचा आणि एक कंडेन्सरचा (एसीची पुढची जाळी). एसी लावल्यावर फिरतो तो कंडेन्सरचा. त्याची मोटर वेगळी, रिले वेगळा, फ्यूजही वेगळा. त्यावरून रेडिएटर फॅनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

एक फायदा मात्र आहे. दोन्ही रिले सारखेच असतील, पिनांची मांडणी आणि वरचा नंबर जुळत असेल, तर अदलाबदल करा. दोष रिलेबरोबर दुसऱ्या फॅनकडे गेला तर शोध संपला. नाही गेला तर पुढे.

रिलेची तपासणी: ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. १२ व्होल्टच्या साध्या रिलेत त्यांच्यामध्ये ७० ते १०० ओहमच्या दरम्यान रीडिंग येतं. ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून फॅनकडे जातो. टिकटिक आवाज आला म्हणजे रिले चांगला, हा मोठा गैरसमज आहे. कॉइल ओढते, पण आतले पॉइंट जळून काळे झालेले असतात आणि करंट पलीकडे जात नाही. रिले ओढलेला असताना ३० ते ८७ मध्ये, फॅनचा लोड चालू ठेवून, व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर गेलं तर रिले टाकून द्या.

ईसीएमवाल्या गाडीत नवा रिले घेताना कॉइलचं ओहम जुन्यापेक्षा कमी नको. आत डायोड असेल तर ८५-८६ उलटेही चालत नाहीत. ईसीएमच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर उगाच भार टाकू नये, ईसीएमची किंमत माहीत आहेच.

घाटवळण

बघितलं. बरोबर, फिरतो तो कंडेन्सरचाच. सेन्सरचं कपलर काढलं, रिलेचा टक् आवाज आला, रेडिएटर फॅन ढिम्म. फॅनचं कपलर काढून हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूने मल्टिमीटर लावला तर १२.४ व्होल्ट दाखवतोय. म्हणजे आता मोटरच ना?

नटबोल्ट

इथेच बहुतेक मोटरी विनाकारण बदलल्या जातात. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरीतली एक तार शिल्लक असेल, कपलरची पिन हिरवी पडली असेल, तरी त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मोटर लावली की ते दोन-तीन व्होल्टवर कोसळतात.

त्या दोन पिनांना हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब लावा. ५५ वॅटचा फिलामेंट साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, फॅनच्या निम्म्याच्या जवळपास. बल्ब थेट बॅटरीवर लावल्यावर जितका पांढरा पेटतो तितकाच कपलरवर पेटला तर दोष मोटरचा. पिवळट, मिणमिणता पेटला तर मोटर निर्दोष असण्याची शक्यता मोठी, वायरिंगच करंट पोचवत नाहीये.

मग बाजू शोधा. बल्ब जोडलेलाच ठेवा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी कपलरच्या पॉझिटिव्हवर: ०.५ व्होल्टच्या आत हवं. नंतर कपलरच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत: ०.२ ते ०.३ च्या आत. ज्या बाजूला आकडा मोठा, दोष त्या बाजूला. मग त्या बाजूने एकेक जोड मागे सरकत जा.

तांब्याची_तार

यात थोडं गणित घालतो, कारण त्याशिवाय लोकांना जळक्या कपलरचं कारण पटत नाही. छोट्या हॅचबॅकचा फॅन साधारण ६ ते १० अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या काही पट. एका सडलेल्या जोडात फक्त ०.२ ओहम वाढले आणि १० अँपिअर वाहत असतील तर तिथे २ व्होल्ट गेले. ते २ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २० वॅट उष्णता त्या नखाएवढ्या पिनेवर. प्लास्टिक वितळणारच. म्हणून नवी मोटर लावूनही कपलर पुन्हा वितळतं. मोटरबरोबर जुनी वितळलेली पिन बदललेली नसते.

दुरुस्ती करताना वायर पिळून वर टेप गुंडाळणं हे काम नव्हे. चांगली तांब्याची वायर दिसेपर्यंत जुनी कापा, नवी २.५ स्क्वेअर एमएम ऑटो वायर, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट दाबून क्रिंप, वर हीट श्रिंक स्लीव्ह. घरगुती वायरिंगची तार वापरू नका, तिचं इन्सुलेशन इंजिनच्या उष्णतेसाठी आणि तेलासाठी बनवलेलं नसतं.

खारी_हवा

किनाऱ्यावरच्या गाड्यांत निगेटिव्ह बाजूच आधी बघा. फॅनचं अर्थिंग बॉडीला एका बोल्टने असतं. बोल्ट बाहेरून चकचकीत दिसतो, थिंबलच्या खाली गंज असतो. बोल्ट काढून थिंबल आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दात असलेला वॉशर टाका, घट्ट आवळा, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. आधी लावून मग आवळू नका. पत्र्याला रंग मारल्यावर अर्थिंगच्या जागेवरही रंग बसतो, ते गॅरेजमधून आलेल्या गाडीत हमखास. बॅटरीपासून बॉडी आणि इंजिनपर्यंतची जाड पट्टीही सोडू नका. ती सैल असेल तर फॅनच काय, स्टार्टरही कुरकुरतो.

साधा_वाचक

मोटरच खराब आहे हे पक्कं कसं कळतं? आणि ती दुरुस्त होते का, की नवीच घ्यायची?

कार्बोरेटर_काका

आधी बॅटरी सुटी करून पाती हाताने फिरवा. ढकललं की एखाद-दोन फेरे सहज गेले पाहिजेत. जागेवर थबकली तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) सुकलंय किंवा दांडा वाकलाय. पाती वर-खाली हलवून बघा, खडखडली तर बुश झिजलं आहे.

मग थेट करंट द्या. दोन जाड वायरी, पॉझिटिव्हमध्ये २० अँपिअरचा फ्यूज घालूनच. फिरली नाही तर मोटरच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारा. टिचकीने फिरली म्हणजे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपले, ते कम्युटेटरला (दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) नीट टेकत नाहीयेत. अशी मोटर सकाळी फिरते आणि भर उन्हात दगा देते.

दुरुस्ती होते. आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) भरणारे आणि स्टार्टर-डायनॅमोची कामं करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन बदलून देतात, मापाचे नाही मिळाले तर मोठे आणून घासून बसवतात. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करायचा, एमरी पेपरने नाही. त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकतात. पट्ट्यांमधल्या खाचा सुईने मोकळ्या करायच्या. मात्र आर्मेचरला जळका वास येत असेल किंवा वार्निश काळं पडलं असेल तर नवी मोटर बरी. काही मोटरींचं डबडं दुमडून बंद केलेलं असतं, ते उघडलं तर पुन्हा तितकं घट्ट बसत नाही.

अँपिअर मोजायला दुकानातून क्लँप मीटर आणताना डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा आहे ना ते विचारा. स्वस्त क्लँप फक्त घरगुती विजेचा एसी करंट मोजतात आणि गाडीवर शून्य दाखवतात. साध्या मल्टिमीटरमध्ये १० अँपिअरचा सॉकेट असतो, पण सुरू होतानाच्या झटक्याला त्याचा फ्यूज उडतो.

नटबोल्ट

काकांच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण ही चूक दिसूनही दिसत नाही. नव्या मोटरच्या वायरींचे रंग जुन्याशी जुळतीलच असं नाही. उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते. फॅन फिरताना दिसतो, आवाज येतो, आणि गाडी तरीही सिग्नलला तापते. रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला असलेला फॅन हवा पुढून ओढून इंजिनकडे फेकतो. ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा, ते ग्रिलला चिकटलं पाहिजे. कंडेन्सरच्या पुढे बसवलेला फॅन हवा ढकलतो, त्याची दिशा त्यानुसार बघा. पातंही उलटं बसवलं जाऊ शकतं. दिशा बरोबर असली तरी मग हवा निम्मीही येत नाही.

आणि काउल काढून ठेवू नका. त्या प्लास्टिकच्या घेरामुळे फॅन रेडिएटरच्या चारही कोपऱ्यांतून हवा ओढतो. तो नसेल तर फक्त पात्यांसमोरचा गोल थंड होतो आणि कडेने गरम हवा पुन्हा फिरून येते.

साधा_वाचक

थर्मो स्विच आणि सेन्सर घरी तपासता येतात का?

तांब्याची_तार

येतात. स्विच: पातेल्यात पाणी, स्विच तारेने असा टांगा की फक्त खालचं टोक बुडेल आणि तळाला टेकणार नाही, बाजूला थर्मामीटर. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर. स्विचवर सहसा तापमान कोरलेलं असतं, दोन आकडे असतील तर मोठा चालू होण्याचा, लहान बंद होण्याचा. ९२-८७ असेल तर ९२ च्या आसपास बीप यायला हवा आणि पाणी निवताना ८७ ला जायला हवा.

गंमत म्हणजे ही टेस्ट महाबळेश्वरला फसू शकते. तिथली उंची १,३५० मीटरच्या आसपास, उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पुण्यात ९८ ला. तुमचा स्विच ९८ चा असेल तर पातेल्यात तो कधीच लागणार नाही, आणि चांगला स्विच फेकला जाईल. रेडिएटरमध्ये हा प्रश्न येत नाही. ०.९ बार दाबाची कॅप नीट दाब धरत असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. (कॅपचं रबर चिरलं असेल तर तो दाबच राहत नाही, आणि पाणी उकळून बाहेर येतं. तेव्हाही दोष फॅनवर जातो.)

सेन्सर: पातेलं तेच, मल्टिमीटर ओहमवर. जुन्या मारुती आणि ह्युंदाईच्या सेन्सरमध्ये २० अंशांना साधारण २.४ किलोओहम, ८० अंशांना ०.३२ किलोओहमच्या जवळपास. गरम होताना आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर आणि ईसीएमचा सेन्सर बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात. एका वायरीचा तो काट्याचा, दोन वायरींचा ईसीएमचा. काटा बरोबर दाखवतोय म्हणून ईसीएमलाही बरोबर कळतंय असं नाही.

एका वायरीचा स्विच बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. अर्थिंग त्या आट्यांतूनच जातं.

घाटवळण

रीडिंग घेतली. बल्ब मिणमिणता. पॉझिटिव्ह बाजू ०.३, निगेटिव्ह बाजू ४.१ व्होल्ट.

खारी_हवा

अर्थिंग. थिंबलच्या खाली बघा.

घाटवळण

थिंबलची मानच गंजून दोन तारांवर उभी होती. नवी थिंबल, पत्रा घासून बोल्ट आवळला. निगेटिव्ह बाजू ०.०८. फॅन लगेच फिरला, मोटर तीच. आता एक शेवटचं: गॅरेजवाला थर्मोस्टॅट काढून फॅन किल्लीवर डायरेक्ट करायचं म्हणत होता, "आपल्याकडे थंडी कुठे आहे" म्हणून. त्यात तसं नुकसान काय?

नटबोल्ट

एमपीएफआय गाडीत भरपूर. इंजिन गरम झालंच नाही तर ईसीएमला वाटतं अजून वॉर्मअप चालू आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. मायलेज पडतं, प्लग काळे होतात. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि थंड ऑइलमधलं पाणी उडत नाही, त्याचा पिवळट चिखल झाकणाखाली जमतो. ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट आपल्या हवेतही लागतोच, तो थंडीसाठी नसून इंजिन ठरलेल्या तापमानावर ठेवण्यासाठी आहे. फॅन सतत चालला तर कार्बन लवकर झिजतात आणि रात्री हेडलाइट, वायपर, एसीबरोबर अल्टरनेटरवर तो भार कायमचा.

घाटात फॅन बंद पडला आणि दुसरा उपाय नसेल तर घरी पोचेपर्यंत फ्यूज घालून डायरेक्ट करणं समजू शकतो. तेही जमलं नाही तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर. हीटरची छोटी जाळी म्हणजे दुसरा रेडिएटरच आहे. काटा लाल रेघेकडे गेलाच तर थांबा, इंजिन बंद करा, वरचा होज दाबल्यावर मऊ लागेपर्यंत कॅपला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. हेड वाकतं.

कार्बोरेटर_काका

प्रकार १ वाल्यांना एक सुधारणा सुचवतो. मोटरचा सगळा करंट थर्मो स्विचमधून जात असेल तर स्विचचे पॉइंट लवकर जळतात. मध्ये रिले टाका: बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३०, ८७ वरून मोटरला, मोटरचं दुसरं टोक बॉडीला. ८६ ला इग्निशनचा करंट, ८५ थर्मो स्विचमार्गे अर्थिंगला. स्विचला आता जेमतेम दीडशे मिलिअँपिअर वाहायचे असतात. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

साधा_वाचक

रिले टाकल्यावर काम बरोबर झालं की नाही हे कसं तपासायचं?

कार्बोरेटर_काका

कूलंट भरून हवा काढा. गाडीचं नाक थोडं चढावर, हीटर गरमवर, कॅप उघडी, थंड इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, कॅप लावा. मग एसी बंद ठेवून तसंच उभं राहू द्या. काटा मध्याच्या जरा वर गेला की फॅन लागायला हवा, खाली येऊन आपोआप बंद व्हायला हवा. निदान दोन वेळा हे चक्र बघा. फॅन लागलाय पण बंदच होत नाही, असं झालं तर हवा पुरेशी जात नाहीये. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत टॉर्च मारा. मऊ पिसं, गवत, चिखल निघतो. इंजिनच्या बाजूने पुढे असं साध्या नळाच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने जाळीच्या बारीक फिन्स आडव्या होतात.

घाटवळण

फिन्स धुतल्या, बराच चिखल निघाला. आयडलवर फॅन आता लागतो आणि बंदही होतो. चेक इंजिनचा दिवा मात्र अजून आहे, सेन्सरचं कपलर काढलं होतं त्याचा.

तांब्याची_तार

कपलर पूर्ण बसलंय ना, लॉकचा टक् आवाज आला का, ते बघा. बसलं असेल तर गाडी काही वेळा सुरू-बंद केल्यावर दिवा जातो. घाई असेल तर निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवा. पुन्हा लावल्यावर आयडल काही काळ वर-खाली होईल, तेवढं चालतं.